वरच्या खोलीची नोंद

“एक खोली सापडत नाहीये, मॅडम,” असं ती मुलगी म्हणाली, तेव्हा नीरजा वडलांचे सदरे कपाटातून काढून पलंगावर ठेवत होती. मुलगी दारातच उभी होती. राजनंदिनी असं नाव असलेलं ओळखपत्र गळ्यात, एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं काडेपेटीएवढं यंत्र. नगरपरिषदेनं यंदा घरपट्टीच्या फेरआकारणीचं काम एका खासगी संस्थेला दिलं होतं आणि असली पंधरा-वीस मुलंमुली आठवडाभर गावातली घरं मोजत फिरत होती. समोरची गल्ली रस्त्याच्या कामासाठी खोदलेली असल्यामुळं ती फळीवरून तोल सांभाळत आत आली होती. खालच्या तीन खोल्यांत लाल ठिपका फिरवून झाला होता, गच्चीवर जाऊनही झालं होतं. “रेकॉर्डला चार खोल्या आहेत,” ती म्हणाली. “खाली तीन, वर एक. दहा बाय बारा.” वर गच्चीच आहे, असं नीरजानं सांगितलं. “ते दिसलं मला. मग खोली कुठं ठेवली तुम्ही?” मुलगी हसली, आणि पलंगावरच्या सदऱ्यांकडं लक्ष गेल्यावर तिचं हसू विझलं. “म्हणजे पाडली का कधी, असं विचारत होते.” पाडली नाही, नीरजा म्हणाली, नव्हतीच. “असं कसं, मॅडम? नव्हती तर पट्टी कोण भरंल? एकोणीसशे नव्व्याण्णवपासून भरलीय की.” तिनं टॅब पुढं केला. कुणीतरी जुन्या नोंदवहीचं पान स्कॅन करून चढवलं होतं. पिवळं पडलेलं, कडेला वाळवीनं खाल्लेलं. त्यावर निळ्या-काळ्या शाईत, किंचित मागं झुकलेल्या अक्षरात, घरमालकाचं नाव होतं नारायण विश्वनाथ जेवळीकर, आणि शेवटच्या ओळीत वरच्या मजल्यावरची एक खोली, लांबी, रुंदी, वापर रहिवासी. अक्षर वडलांचं होतं. याच अक्षरात तिला हॉस्टेलवर पत्रं यायची, तितकीच कोरडी आणि तितकीच सुवाच्य.

वडील जाऊन अजून महिना झाला नव्हता. एवढ्या दिवसांत तिला एकदाही हुंदका आला नव्हता. येणाऱ्या माणसांना ती चहा करून देत होती आणि कुठं, कसं, किती वाजता हे सगळ्यांना त्याच क्रमानं सांगत होती. आता त्या काचेवरची अक्षरं पाहताना तिला पायाखालची फरशी जराशी तिरकी झाल्यासारखी वाटली, इतकंच. मुलीनं ‘तफावत’ असं लिहिलेल्या चौकोनात खूण केली. नोटीस येईल, मग हरकतीवर सुनावणी होईल, तिथं जाऊन काय ते लिहून द्यायचं, असं तिनं सांगितलं. जाताना ती घुटमळली आणि म्हणाली, “आम्हाला ट्रेनिंगमध्ये यांच्याच नोंदी दाखवल्या होत्या, मॅडम. जेवळीकर साहेबांच्या. म्हणले, नोंद अशी पाहिजे.” मग फळीवरून हात पसरून ती पलीकडं गेली.

नोंद अशी पाहिजे. नारायणराव चौतीस वर्षं नगरपरिषदेच्या कर विभागात होते आणि गाव त्यांना त्या एकाच गोष्टीसाठी ओळखत होतं. ते लाच घेत नाहीत असं लोक म्हणायचे, पण तसे आणखीही काही होते. त्यांचं वेगळेपण हे की ते स्वतः जाऊन मोजायचे. पोलादी टेपचं एक टोक धुळाप्पा शिपायाच्या हातात, दुसरं यांच्या, आणि घरमालक सरबताचा पेला घेऊन मागं मागं. पेला तसाच परत जायचा. लहानपणी नीरजाला वाटायचं की आपले वडील माणसांना घरांवरूनच ओळखतात. बाजारात कुणी नमस्कार केला की ते तिला हलक्या आवाजात सांगायचे, वीस बाय तीस, पत्रा, पुढं दोन गाळे. दर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाचं पुस्तक छापून आलं की ते घरी आणत आणि जेवणानंतर पेन्सिल घेऊन वाचत बसत. पहिल्या रविवारी तिचं बोट धरून ते मागल्या वर्षीच्या पुस्तकातली कामं गावात प्रत्यक्ष पाहायला निघायचे. “हे बघ, इथं गटार आहे.” ती वाकून बघायची. खाली नुसती माती. “कुठं, नाना?” “पुस्तकात,” ते म्हणायचे. त्यांचा एवढा एकच विनोद होता आणि तो करताना ते हसत नसत. त्यांची स्वतःची गल्ली दरवर्षी त्या पुस्तकात असायची, सुधारणा प्रस्तावित, आणि दरवर्षी पुढच्या पुस्तकात जायची. आता ते गेल्यावर ती खोदायला घेतली होती.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. जिना पक्का होता, सिमेंटचा, कठडा असलेला, आणि तो उघड्यावर येऊन संपत होता. इतकी वर्षं या जिन्यानं ती वर-खाली केली, आणि नुसत्या गच्चीसाठी एवढा जिना कशाला हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. चार कोपऱ्यांत चार चार सळया कमरेइतक्या वर आलेल्या होत्या, गंजून तपकिरी झालेल्या. आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची. सळया तर गावातल्या प्रत्येक गच्चीवर असतात. प्रत्येकाला कधीतरी वर चढवायचं असतं, आणि तसं न चढवताच माणसं म्हातारी होतात, म्हणून त्या सळया कुणाला दिसत नाहीत. तिनं कडेपासून पावलं टाकली. दहा फूट म्हणजे चार पावलं, बारा म्हणजे पाच. एवढ्या जागेत ती उभी राहिली आणि खिडकी कुठं असती याचा अंदाज घ्यायला लागली. पूर्वेला येरमाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याची झाडं दिसत होती. मग तिला स्वतःचाच राग आला. आपण एका कारकुनी चुकीच्या आत उभ्या राहून खिडक्या काढतोय, असं तिला वाटलं. पुस्तकं वाचण्यात जन्म गेला की माणूस प्रत्येक रिकाम्या जागेत अर्थ कोंबायला बघतो. ती खाली आली, पण तळपायांना ती जागा चिकटून राहिल्यासारखी वाटत राहिली.

खोली तिनं मागितली होती, हे खरं. चौदा वर्षांची असताना. घर तीन खोल्यांचं, एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. पुढच्या खोलीतून मागच्या स्वयंपाकघरात जायचं तर मधल्या खोलीतून जावं लागायचं, आणि नीरजा मधल्या खोलीत. अभ्यास करताना, झोपताना, पुढं मोठी होताना कपडे बदलतानासुद्धा कुणीतरी मधून जायचं. दाराला दार नव्हतं, पडदा होता. वाचनालयातून आणलेलं पुस्तक ती पांघरुणात घेऊन वाचायची, आणि ते लपवण्यासारखं असायचं असं नाही, पण पानावरून कुणाची सावली सरकली की तिच्या मनातलं सगळं विस्कटायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, “मला एक खोली पाहिजे. दार असलेली.” आईनं, वनमालानं, भाकरी थापता थापता मान वर केली. नाना म्हणाले, “होईल.” ते होईल म्हणायचे तसंच, डोकं न हलवता. मग मे महिन्यात ती आजोळी बेंबळीला गेली आणि परत आली तेव्हा आईला सोलापूरच्या दवाखान्यात नेलेलं होतं. पुढची दोन वर्षं घरात औषधांचा वास, रिपोर्टांची पाकिटं आणि हळू आवाजातली बोलणी होती. खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. काढायची तिला लाज वाटायची. आई वारली त्याच वर्षी ती पुण्याला हॉस्टेलवर गेली, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आठ बाय नऊच्या खोलीचं दार तिनं पहिल्या दिवशी आतून लावलं आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग शिक्षण, मग एका कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, मग भाड्याचं घर. ती येत राहिली, वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवस.

यंदा महालक्ष्म्यांना आली तेव्हा नाना म्हणाले, या खेपेला आठ दिवस रहा. त्यांनी असं कधी म्हटलेलं नव्हतं. ती म्हणाली, रजा नाही. रजा होती. ते म्हणाले, “रजा नसते, का राहायचं नसतं?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, ते मोजमाप विचारल्यासारखं विचारत होते, आणि त्यामुळंच तिला सहन झालं नसावं. “राहू कुठं, नाना?” ती म्हणाली. “या घरात मला कधी जागाच नव्हती.” वाक्य संपल्यावर त्याची चव तिला तोंडात कळली. नानांच्या हातात पुरणपोळीचा घास होता. तो त्यांनी खाल्ला, नीट चावून, आणि म्हणाले, “जेवून घे. गार होतंय.” त्यानंतर त्यांचं फोनवर चार-पाचदा बोलणं झालं, हवापाण्याचं, गॅसच्या नंबराचं. मग दिवाळीनंतर एका सकाळी फोन शेजारच्या गिरिजाबाईंचा आला.

धुळाप्पा पलीकडच्या आळीत राहायचा. आता पंचाहत्तरीचा, कंबरेत वाकलेला, डोळ्याला जाड चष्मा. नीरजा दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं गेली. तो बाजेवर ऊन खात बसला होता. तिनं काही न सांगता फोनवर काढून घेतलेला त्या पानाचा फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं तो डोळ्यांपासून लांब, मग जवळ नेला. “मला काय वाचता येतंय, ताई,” तो म्हणाला, “पर साहेबांचं अक्षर हाय.” तिनं वाचून दाखवलं. धुळाप्पानं चष्मा सारखा केला. मग म्हणाला, “म्हंजी काढलीच न्हाय त्यांनी.”

“तुम्हाला माहीत होतं, धुळाप्पाकाका?”

“म्याच टेप धरली व्हती की.”

त्यानं सांगितलं ते असं. त्या वर्षीही फेरआकारणी होती. पेठेतल्या एका अडत व्यापाऱ्यानं मागच्या बाजूला दोन मजले चढवून ते लपवले होते. साहेबांनी ते मोजून नोंदवले. व्यापारी ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, आधी स्वतःचं घर मोजा, जेवळीकर, मग गावाचं. “साहेब उठले. टेप उचलली, मला म्हनले, चल. भर उन्हाचं तुमच्या घरी आलो. खालच्या तीन मोजल्या. मग वर ग्येलो. वर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं व्हतं. गवंडी ठरला व्हता, विटा दारात येऊन पडल्या व्हत्या. सळया तर आधीपास्नंच काढून ठिवलेल्या. म्या म्हनलं, साहेब, हितं काय मोजायचं, हितं तर वारा हाय नुसता. तर म्हनले, धर टोक. आठ दिसात भिंती उठत्यात. मग पुन्हा कोन मोजायला येनार? मीच ना? उद्या कुनी म्हनायला नको, गावाच्या खोल्या शोधल्या आन् आपली झाकली.” धुळाप्पा हसला. त्याला दात नव्हते. “म्या फक्कीच्या रेघेवर टाच रवून टेप धरली. त्यांनी दोनदा मोजली. दोनदा, ताई. वारा दोनदा मोजला.”

आणि मग? मग आठ दिवसांत आईचा रिपोर्ट आला. विटा ज्यांच्या होत्या त्यांनाच परत दिल्या. पावसानं फक्की धुऊन गेली. नोंदवहीतलं पान तेवढं राहिलं आणि दर चार वर्षांनी नवी यादी करताना कारकून जुनी नोंदच पुढं ओढत गेले. जेवळीकर साहेबांच्या घरी जाऊन खात्री करून घ्यायची कुणाला काय गरज? “पण एक अर्ज दिला असता तर निघाली असती,” नीरजा म्हणाली. “अर्ज कुनाच्या टेबलावर येनार? त्यांच्याच. सोताचा अर्ज, सोताची पट्टी कमी, आन् वर शेरा बी सोताचाच. त्यांच्यानं झालं न्हाय ते. मान्सं मिशी पिळून असल्या गोष्टी करत्यात. त्यांना मिशी बी नव्हती.” मग त्याचा आवाज बदलला. “निवृत्त झाल्यावर म्या एकदा म्हनलं, साहेब, आता तरी काढून टाका ती खोली, टेबल बी आता तुमचं ऱ्हायलं न्हाय. तर म्हनले, काढायची कशाला, धुळाप्पा. आज ना उद्या बांधायचीच हाय.”

“कधी म्हणाले हे?”

“लई वर्सं झाली. आन् परवा, यंदाच्या गौरीच्या आदल्या दिशी बी म्हनले. गवंड्याचा भाव विचारत व्हते.”

ती घरी आली. गल्लीत खोदकामाच्या कडेनं माणसं उभी राहून एकमेकांना सांगत होती की पट्टी वाढणार, रस्त्याचे पैसे आपल्याच खिशातून जाणार. तिलाही कुणी काही विचारलं आणि तिनंही काही उत्तर दिलं. आत येऊन ती मधल्या खोलीत बसली. तिला आधी आला तो राग. एवढी वर्षं हा माणूस एका खोलीची पट्टी भरत राहिला, रांगेत उभा राहून, पावती घेऊन, आणि ज्या मुलीसाठी ती खोली होती तिला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगायला काय लागत होतं? त्या जेवणाच्या ताटावर, ती ते वाक्य बोलली तेव्हा, ते म्हणू शकले असते, होती, नीरजा, अजून आहे, नगरपरिषदेत जाऊन बघ. पण ती हेही ओळखून होती की न बांधलेली खोली आहे असं तोंडानं म्हणणं त्यांना जमलं नसतं. तोंडानं म्हटलं असतं तर ते पुस्तकातलं गटार झालं असतं. आणि मनातून काढून टाकणंही जमलं नसतं. मग उरतं काय? दरवर्षी जाऊन भरणं. हे प्रेम आहे, की एका कारकुनाचा हट्ट आहे, की स्वतःची चूक स्वतःच्या हातानं खोडायचा संकोच आहे, याची तिला वेगवेगळी मापं काढता येईनात. तीनही एकाच भिंतीला टेकलेली होती. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, आणि घरातलं एक पान उघडून पाहिलं नाही. मग तेही वाक्य तिला फार तयार वाटलं आणि तिनं ते सोडून दिलं. गिरिजाबाईंनी भिंतीवरून आमटीचं भांडं दिलं. ती उभ्यानंच जेवली, आणि पहिल्यांदा रडली, तोंडात घास असताना, कसलाही आवाज न करता.

नोटीस जानेवारीत पुण्याला आली. सुनावणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नगरपरिषदेच्या सभागृहात. ती आदल्या दिवशी येरमाळ्याला उतरून, दुसरी गाडी धरून आली. गल्ली आता काँक्रीटची झाली होती, पांढरी, सरळ, अजून कुठंही न फुटलेली. आधीचा रस्ता न उकरता त्याच्यावरच थर द्यायची गावाची रीत होती. यंदा मात्र खोल खोदून केल्यामुळं उंबरे रस्त्याखाली न जाता होते तिथंच राहिले होते. अंधार पडेपर्यंत पोरं त्यावर सायकली फिरवत होती. सकाळी सभागृहात पन्नासेक माणसं खुर्च्यांवर, हातात नोटिसा. कोपऱ्यात टेबलावर दोन दिवसांनी मंजुरीला जाणाऱ्या अंदाजपत्रकाचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले. एक म्हातारा मोठ्यानं सांगत होता की त्याच्या शेळ्यांच्या गोठ्याला या पोरांनी हॉल म्हणून धरलंय. “शेळ्यांचं लगीन लावतो काय तिथं?” तो विचारत होता आणि लोक हसत होते. नीरजाला वडील या हसण्यात कुठं बसले असते ते दिसत होतं. खिडकीपाशी, पेनाचं टोपण लावून, म्हाताऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत. आणि मग ते उठून गोठा बघायला गेले असते.

कर अधिकारी पंचाक्षरी पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मऊ. तिचा नंबर आल्यावर ते खुर्चीतून अर्धे उठले. “ताई, बसा. साहेबांच्या हाताखाली शिकलो मी. टेप कशी धरायची इथपासून.” त्यांनी तिची फाइल उघडली. घर नावावर करण्यासाठी तिनं दिलेला अर्ज, वारसाचं शपथपत्र, मृत्यूचा दाखला, आणि त्यावर राजनंदिनीचा तफावतीचा अहवाल. पंचाक्षरींनी तो वाचलेला असावा, कारण त्यांनी तो पुन्हा वाचला नाही. त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, यात काही नाही. तुम्ही एवढंच लिहून द्या, की वरची खोली पडझड होऊन नष्ट झाली. पावसानं म्हणा. मी शेरा मारतो. संपलं.”

“पण ती पडली नाही. बांधलीच नव्हती.”

“माहितीय, ताई. मला धुळाप्पानं सांगितलंय.” ते थांबले. “पण तसं लिहिलं, की नोंद खोटी ठरते. कुणाची, तर साहेबांची. हे कागद उद्या लेखापरीक्षणाला जातात, नव्या पोरांच्या हातात जातात. या ऑफिसात आजही कुणी वाद घातला तर आम्ही म्हणतो, जेवळीकर साहेबांची नोंद आहे, बोलू नका. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एक चूक सापडली नाही, आणि सापडली ती स्वतःच्या घरात, पोरीच्या हातानं? कशाला? पडझड लिहा. सगळेच लिहितात.”

सगळेच लिहितात, हे तिला माहीत होतं. लहानपणी जेवताना तिनं तो शब्द शंभरदा ऐकला होता. पट्टी चुकवायची असेल त्यानं पडझड लिहायची, आणि नाना दुसऱ्या दिवशी जाऊन ती न पडलेली भिंत हातानं थोपटून यायचे. तिच्यापुढं कोरा कागद होता. पंचाक्षरी म्हणत होते ते खरं होतं. त्या माणसानं मागं ठेवलेलं असं दुसरं काही नव्हतं. घर जुनं, सदरे विरलेले, पत्रं कोरडी. एवढं एक नाव होतं, तेही एका लहान गावातल्या एका लहान ऑफिसात, आणि ते राखायचं की घालवायचं हे आता तिच्या हातात आलं होतं. पडझड लिहिलं तर नाव राहतं. पण मग खोली खरोखरची होती आणि पावसानं पडली असं होतं. मग फक्कीच्या रेघेवर रोवलेली धुळाप्पाची टाच, दोनदा मोजलेला वारा, परत गेलेल्या विटा, गौरीच्या आदल्या दिवशी विचारलेला गवंड्याचा भाव, यातलं काहीच झालेलं नव्हतं असं होतं. तिला उमजलं की नाव राखण्यासाठी आपल्याला तो माणूसच खोडावा लागणार आहे. पेन हातात घेऊन ती इतका वेळ बसली, की मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं.

तिनं लिहिलं. वरच्या मजल्यावरील दहा बाय बाराची खोली कधीही बांधण्यात आली नाही. सदर नोंद माझे वडील नारायण विश्वनाथ जेवळीकर यांनी बांधकाम होण्यापूर्वी स्वतः मोजमाप करून घेतली. नोंद चुकीची आहे. आतापर्यंत भरलेल्या कराचा परतावा नको. लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपलं अक्षरही किंचित मागं झुकतं.

पंचाक्षरींनी कागद वाचला. ओठ आत घेतले. “बरं,” ते म्हणाले. “पण ‘चुकीची’ काढा. ‘अनवधानानं झाली’ असं करा. तेवढं तरी.”

“अनवधानानं नव्हती झाली,” नीरजा म्हणाली. “त्यांनी ती पूर्ण लक्ष देऊन केली होती.”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. कागदावर शिक्का मारला, तारखेवर गोल केला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. बोट कळफलकावर ठेवून ते थांबले. “आता एक राहिलं. खोली कमी करायची तर तारीख लागते. ‘सुरुवातीपासूनच नाही’ असं हे घेत नाही. तसं करायला गेलं की मागची सगळी वर्षं उघडतात, सगळ्या पावत्या रद्द होतात. एकच तारीख द्या, ताई. कधीपासून नाही म्हणून धरू?”

कधीपासून नाही. विटा परत गेल्या तो दिवस तिला माहीत नव्हता. फक्की धुऊन नेणारा पाऊस ती बेंबळीला पाहत होती. हॉस्टेलच्या दाराची कडी तिनं लावली तो दिवस आठवत होता, पण तेव्हाही रांगेत उभं राहून कुणीतरी पट्टी भरून आलं होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला, ती ते वाक्य बोलली त्या क्षणी, खोली होती. समोर बसून जेवत होती. नंतरच्या त्या चार-पाच फोनांच्या वेळीही ती होती, हवापाण्याच्या आणि गॅसच्या नंबराच्या मागं, दार लावून शांत.

“एकवीस नोव्हेंबर,” ती म्हणाली.

पंचाक्षरींनी दोन आकडे दाबले आणि त्यांचा हात थांबला. ती तारीख समोरच्या फाइलीत आधीच एकदा होती, मृत्यूच्या दाखल्यावर. त्यांनी मान वर केली नाही. महिना आणि वर्ष सावकाश भरलं, आणि यंत्रातून निघालेला कागद सहीसाठी तिच्याकडं सरकवला. सही करून ती उठली, तेव्हा शेळ्यांचा म्हातारा नोटीस पुढं धरून खुर्चीकडं निघाला होता. तिनं त्याला वाट दिली.